तळव्याला टिचकी

माय,

तुला पत्र लिहायचं तर पहिली पंचाईत हीच, की तुला वाचता येत नव्हतं. मी भंडाऱ्याला नर्सिंगच्या होस्टेलमध्ये असताना चार-चार पानं खरडून पाठवायची, तू ती पदराखाली धरून शाळेतल्या गुरुजींकडे न्यायचीस, आणि गुरुजी घाईत असले की "पोरगी बरी आहे, दिवाळीला येते" एवढं सांगून पत्र परत द्यायचे. सुट्टीत मी घरी आले की तू सगळी पत्रं डब्यातून काढून माझ्यापुढे टाकायचीस आणि म्हणायचीस, "आता तूच वाच. मास्तर अर्धं खाते." मग मी चुलीपुढे बसून माझंच पत्र तुला वाचून दाखवायची. तू झिंगे निवडता निवडता ऐकायचीस आणि मध्येच विचारायचीस, "मंग काय झालं?" जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे. आता तू नाहीस आणि मी पुन्हा लिहायला बसले आहे. हे पत्र अर्धं खाल्लं गेलं तर तो दोष मास्तरांचा नसेल, एवढं आधीच सांगून ठेवते.

कारण मागच्या आठवड्यात घडलं. मी आता नवजात बाळांच्या वॉर्डाची इन्चार्ज आहे. वॉर्डात दिवे आहेत, मशीन आहेत, हाताखाली सहा पोरी आहेत. त्यातली एक नवीन लागलेली, हुशार आणि तोंडाची तिखट. आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या एका बाईचं बाळ आणलं होतं. बाईला गरोदरपणात शुगर निघालेली, बीपीही वाढलेलं, आणि बाळ चांगलं सव्वाचार किलोचं, गाल टम्म. सोबत त्याची आजी आली होती, मोठ्या धानवाल्या घरातली, नऊवारीतली, कमरेच्या ओच्यात मधाची इवलीशी बाटली खोचलेली. तिनं बोट मधात बुडवलं आणि ही पोरगी वाघिणीसारखी धावून गेली. "ओ आजी! कायले चाटवून राहिल्या? चला, बाहेर व्हा. इथं बसायचं नाही." आजी बोट पदराला पुसत बाहेर गेली. मी ड्रेसिंगच्या ट्रेपाशी उभी होते, आणि माझे हात तिथेच थांबले. तो आवाज माझाच होता, माय. इतक्या वर्षांनी मला तो बाहेरून ऐकू आला.

तुला माझा आवाज पहिल्यांदा कुठे ऐकू आला होता, ते मला आठवतं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी मला नोकरी लागली, आणि वर्षभरातच गावोगावच्या दायांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. नवेगाव बांधच्या आसपासच्या पंधरा-वीस बायका ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजीवर बसल्या होत्या. त्यात दुसऱ्या ओळीत तू. पहाटे जाळं ओढून, मासळी बाजारात देऊन तशीच आलेली. मी पांढऱ्या साडीत, खडू हातात घेऊन उभी. नखं आणि हात कसे असू नयेत हे दाखवायला मला एक हात हवा होता, आणि मी तुझा ओढला. "हा हात पाहा," मी म्हटलं, "याला मासळीचा वास येऊन राहिला. अशा हातानं लेकराले शिवायचं नाही." बायका हसल्या. ज्यांना ठाऊक होतं की तू माझी माय आहेस, त्या हसल्या नाहीत. तू उठून बाहेर हापशीवर गेलीस, लाल साबणानं तीनदा हात धुतलेस, परत येऊन जागेवर बसलीस. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात मी खालमानेनं चालत होते, तर तूच म्हणालीस, "आवाज चांगला आहे तुहा. मागपर्यंत आयकू येते." टोमणा होता की कौतुक, हे मी तेव्हाही विचारलं नाही. मला वाटतं कौतुकच होतं. तुला टोमणे मारता येत नसत.

त्यानंतर चार वर्षांनी माझं बाळंतपण आलं. सातव्या महिन्यात शुगर निघाली, आठव्यात पाय सुजले, बीपी चढलं. गोंदियाहून येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ मोठं आहे, वाट बघायची नाही. मी ज्या दवाखान्यात नोकरी करत होते तिथेच सिझरचं ठरलं. कापणीचे दिवस होते. कापलेल्या धानाच्या कडपा शेतातल्या बांधीत तशाच टाकून तू एसटीनं आलीस. पिशवीत माझ्यासाठी डिंकाचे लाडू, बाळासाठी तुझ्या जुन्या लुगड्याची मऊ केलेली फडकी, आणि एका औषधाच्या बाटलीत रानातला मध. पहिलं बोट ज्याचं, त्याचा स्वभाव लेकराला लागतो, असं आपल्याकडे मानतात. त्यासाठी कुणाची आत्या, कुणाचा मामा येईपर्यंत लेकरू उपाशी ठेवलेलं मी कितीदा पाहिलं होतं आणि कितीजणांवर खेकसले होते. तुझ्या मनात बोट तुझ्या जावयाचं होतं. "त्याचा सोभाव थंड आहे," तू म्हणालीस, "तुह्यासारखा कडक नको पोट्ट्याले." मी बाटली तुझ्या हातातून घेतली आणि दवाखान्यातल्या आयाकडे दिली. आया ती बाटली घरी घेऊन गेली आणि महिनाभर खोकल्यावर चाटत बसली, हे मागाहून कळलं.

मध दिला नाही हे बरोबरच केलं. आजही मी कुणाला देऊ देणार नाही. चूक ती नव्हती. आम्हाला शिकवलेलं एक वाक्य होतं: बाळाला मध, गूळपाणी, काही चाटवू नका, आणि पहिल्या तासाच्या आत आईच्या अंगाला लावा. यातलं पहिलं अर्धं मी शेकडो बायकांना ओरडून सांगितलं होतं. माझ्या स्वतःच्या वेळी मला तेवढंच पाठ राहिलं. सकाळी दहाला बाळ झालं, चार किलोचं, लालबुंद, केस कानापर्यंत. सगळा स्टाफ बघून गेला. "राजा आहे राजा," जो तो म्हणाला. मला कंबरेखाली भूल, वर सलाईन, पोटात ओढ, आणि मनात नुसती मिजास. बाळाला अंगावर घ्या असं मला कुणी सांगितलं नाही. ड्यूटीवरची सिस्टर माझी मैत्रीण होती, तिला वाटलं, हिला काय सांगायचं, ही स्वतःच नर्स. शुगरवाल्या आईच्या बाळाची शुगर तपासायची असते हेही तिला वाटलं मी बघेन, आणि मला वाटलं ती बघेल. मी साधी शेतकऱ्याची बायको असते, तर माझ्याच मैत्रिणीनं मला चार शिव्या घालून बाळ छातीशी लावलं असतं.

तू खाटेशेजारी खाली बसली होतीस. हात रिकामे. फडकी घडी करत होतीस, उलगडत होतीस, पुन्हा घडी करत होतीस. बाहेर ऊन चढलं, जेवणाची वेळ झाली, वॉर्ड सुस्तावला. मला गुंगी येत होती.

"पोरी," तू म्हणालीस, "हा पोट्टा लय वेळचा निजून राहिला."

"निजू दे ना माय. जन्माले येऊन दमला तो."

"दूध नाही मागून राहिला."

"मागंल तेव्हा देऊ. मले अजून दूध कोठी उतरलं?"

"जरासा उठवून पाहू का मी?"

"तू हात नको लावू," मी म्हटलं. तोच आवाज. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. त्या टोकाला आमची आया भिंतीला टेकून बसली होती, गोंदियाची, कायम हिंदीत बोलणारी. तिनंही तिथूनच री ओढली. "सोने दो ना मौसी. कितना शांत बच्चा है. बाकी के तो रो-रोके कान खा जाते हैं."

मी डोळे मिटले होते. मग मला टिचकीचा आवाज आला, नखाचा, हलकासा. डोळे उघडले तर तू पाळण्यावर वाकली होतीस आणि बाळाच्या तळव्याला टिचकी मारत होतीस. एकदा. दोनदा. जोरात. बाळानं पाय ओढून भोकाड पसरायला हवं होतं. त्यानं नुसता अंगठा हलवला. हाताची बोटं थरथरली, थांबली, आणि तो पुन्हा तसाच ढिला पडला. मी ओरडणार होते, पण तेवढ्यात तू माझ्याकडे वळलीस.

"हा निजला नाही पोरी," तू म्हणालीस. "माहा पयला असाच निजला होता."

तुझा पहिला म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं, माय. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं, तुझी पहिली मीच.

मला उठता येत नव्हतं. कूस वळायला गेले तर टाके ओढले. मैत्रीण जेवायला गेलेली. तू मला काही विचारलं नाहीस, थेट निघालीस, अनवाणी. आमचे डॉक्टर दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. जिंदगीत कधी कुठल्या डॉक्टरशी तोंड वर करून बोलली नव्हतीस तू. माझ्या नोकरीच्या दवाखान्यात डॉक्टर दिसले की पदर ओढून भिंतीला चिकटायचीस. ती तू त्यांच्या घरात शिरलीस आणि त्यांना भरल्या ताटावरून उठवून आणलंस. ते आले तेव्हा त्यांच्या बोटांना वरणभात लागलेला होता. "काय म्हणते ही बाई? बाळ झोपलंय, पण झोपलं नाही?" एवढं बोलून त्यांनी बाळाचा हात उचलला, सोडला, आणि बॅग उघडली. डॉक्टरांना स्वतःला शुगर होती, त्यांचं तपासायचं मशीन त्यांच्या बॅगेतच असायचं. टाचेला टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'Lo' असं लिहून आलं. मी पलंगावरून ते पाहिलं. त्या दोन अक्षरांचा अर्थ मला त्या खोलीत सगळ्यात चांगला कळत होता, आणि उपयोग माझाच सगळ्यात कमी होता.

मी आता पोरींना हे शिकवते तेव्हा बांधीचं, धानाच्या वाफ्याचं, उदाहरण देते. पोटात असताना आईच्या रक्तातून बाळाला साखर धो धो मिळते, तर बाळाचं अंग ती झरझर जिरवायची सवय लावून घेतं. नाळ कापली की साखर बंद, जिरवणं मात्र चालूच. चोरखमारा तलावाच्या कालव्याचं पाणी बंद झालं आणि बांधीची पाळ फुटलेली राहिली, तर काय होतं? घटकाभरात बांधी कोरडी. वरून धान हिरवंगार दिसतं, म्हणून कुणी बघायला जात नाही. हे उदाहरण गोरेगावच्या पोरींना लगेच कळतं.

डॉक्टर सलाईनसाठी बाळाची शीर शोधत होते. गुबगुबीत हात, शीर दिसेना. एकदा टोचलं, फुगलं. पुन्हा टोचलं. धावत आलेली माझी मैत्रीण माझ्याकडून दूध काढायला बघत होती. दाबते, ओढते, मी कळवळते, आणि थेंब नाही. "नाही गं उतरलं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तेव्हा तू कोपऱ्यातल्या बेसिनवर गेलीस. तुझ्या जिवाची एवढी घालमेल चालली होती, तरी तू साबणानं तीनदा हात धुतलेस. मी मोजले. मग पिशवीतली तुझी पितळी वाटी काढलीस, उकळत्या पाण्यातून काढून आण म्हणून आयाला पिटाळलंस, आणि माझ्याजवळ आलीस. "आंग सैल सोड," म्हणालीस. तुझा अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन बोटं मागे. आधी तू मागे दाबलंस, छातीच्या फासळ्यांकडे, आणि मग हळूच पुढे आणलंस. ओढलं नाहीस. दुखलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी पिवळाधमक चिकाचा थेंब वर आला, मग दुसरा. "हे घे," तू मैत्रिणीला म्हणालीस, "नाही कशी म्हनतेस? मांगं दाबा लागते." वाटीच्या तळाला जेमतेम चमचाभर जमलं. तोवर शीर सापडली होती, साखरेचं पाणी चालू झालं होतं. डॉक्टर बाळाचा गळा बघत म्हणाले, "आता गिळतोय, द्या." तू थेंब थेंब गालाच्या आत सोडलास. पाचव्या की सहाव्या थेंबाला त्यानं ओठ चोखले. मग तू पुन्हा तळव्याला टिचकी मारलीस आणि तो असा केकाटला, असा केकाटला, की आया म्हणाली, "हाँ, अब लगा गाने." मी रडत होते. तू रडली नाहीस. तू वाटी निपटून घेत होतीस, वाया जाऊ नये म्हणून.

तुझ्या हाताला तेव्हा साबणाचा वास येत होता, आणि त्याखाली थोडासा मासळीचा. तो कधी जायचाच नाही. मला तो त्या दिवशी इतका बरा वाटला की मी तुझा हात धरून ठेवला, तू ओढून घेईपर्यंत.

दोन दिवस तो सलाईनवर राहिला. डॉक्टर आपल्या मशीननं येता-जाता टोचून बघायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला त्या पहिल्याबद्दल सांगितलंस, तेही मी तीनदा विचारल्यावर. माझ्या आधी दोन वर्षं. घरीच झाला, तुझ्या सासूच्या हाताखाली. असाच मोठा, असाच लाल. अख्खं गाव बघायला आलं. शांत लेकरू म्हणून सगळ्यांनी निजू दिलं, आणि उठवायचं नसतं म्हणून तुलाही उठवू दिलं नाही. संध्याकाळी गार लागला. "नजर लागली म्हनले," तू म्हणालीस. "एवढा मोठा होता ना." मग फडक्याच्या घडीकडे बघत म्हणालीस, "तवापासून मी कोनाचंच लेकरू निजू देत नाही. बायका मले खूप बोलतात." दाई म्हणून तुझ्या हातावर जेवढी लेकरं आली, त्या सगळ्यांच्या तळव्याला तू टिचक्या मारत आलीस. आणि मी तुला सतरंजीवरून उठवून हात धुवायला लावलं होतं.

बारसं गावाला केलं. ते मला विसरता येत नाही, आणि त्यासाठीच मी हे लिहिते आहे. ओसरीत बायका जमलेल्या, पाळणा सजवलेला, मी आत भिंतीला टेकून बसलेली. कुणीतरी विचारलं, पोट्टा जाता जाता राहिला म्हणतात, काय झालं होतं? आता तू सांगशील, हिनं मला हात लावू दिला नाही. सांगायचा तुला पूर्ण हक्क होता. मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली. आणि तू म्हणालीस, "काही नाही बाई. माही पोरगी नर्स आहे ना. तिले लगेच समजलं. तिनं उठवला." बायका "बाप्पा बाप्पा" करत माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी मूग गिळून बसले. तू मला वाचवलंस हे मला कळलं होतं. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून मी बाळाचं टोपरं नीट करत राहिले. संध्याकाळी तू ती पितळी वाटी माझ्या पिशवीत घातलीस. "दवाखान्यात कामी येते," म्हणालीस, एवढंच.

तीन वर्षांनी तू गेलीस. पायात मासळीचा काटा मोडला, जखम चिघळली, भरेना. तेव्हा तपासलं तर शुगर निघाली, कधीपासूनची कोण जाणे. मग मला एकेक जोडत गेलं. तुझा पहिला एवढा मोठा, मीही जन्मताना जड होते असं तू सांगायचीस, मग माझं पोरगं. नजर कुणाची नव्हती, माय. पुरावा काही नाही, माझा आपला अंदाज. पण तुला एकदा सांगायला हवं होतं. तू तेवीस-चोवीस वर्षांची असताना कुणी तरी सांगायला हवं होतं, की तुझं लेकरू तुझ्या नशिबानं गेलं नाही. ते भुकेलं होतं. हे लिहितानाही मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आता माझं ऐक. तू गेल्यावर माझी बढती झाली, ट्रेनिंगला जायला लागले, मग ट्रेनिंग द्यायला लागले. हातानं दूध कसं काढायचं हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवते: अंगठा वर, बोटं खाली, आधी मागे दाबा. सगळे म्हणतात मॅडमचा हात चांगला आहे. आणि प्रत्येक ट्रेनिंगला मी एक गोष्ट सांगते. एका दवाखान्यात एक बाळ होतं, शुगरवाल्या आईचं, मोठं, शांत. सगळ्यांना वाटलं झोपलंय. पण एका नर्सच्या लक्षात आलं. दहा वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगितली. तू बारशात सांगितलीस तशीच, शब्दाला शब्द. तू ती माझी लाज झाकायला सांगितली होतीस, आणि मी तिची शाल करून खांद्यावर घेतली.

मागच्या आठवड्यात त्या आजीच्या मागे मी बाहेर गेले. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. "आजी, मध ओच्यातच राहू द्या," म्हटलं, "पण माझं एक काम करा." आणि तिला शिकवलं. दर दोन तासांनी लेकराले उठवायचं, आईच्या अंगाला लावायचं. उठत नसेल तर तळव्याला अशी टिचकी. तरी नाही उठलं तर कुणालाही ओरडून बोलवायचं, डॉक्टर जेवत असला तरी. आजीला काम मिळालं आणि ती अशी पेटली की आपल्या नातवाला तर उठवलंच, शेजारच्या दोन खाटांवरच्या लेकरांनाही टिचक्या मारून आली. "मॅडम, आजी सबको उठा रही है," म्हणून तक्रार आली. त्या बाळाची शुगर पहिल्या दिवशी दोनदा खाली आली आणि दुधानंच सावरली. आजी जाताना मधाची बाटली त्या तिखट पोरीला देऊन गेली. पोरगी खजील झाली. मी तिला काही बोलले नाही. तिला बोलायचा अधिकार माझ्याकडे आहे असं मला वाटलं नाही.

काल पुन्हा ट्रेनिंग होतं. मी ठरवून गेले होते. गोष्ट सुरू केली आणि त्या जागी आल्यावर म्हटलं, "नर्सच्या लक्षात आलं नाही. नर्सनं निजू दिलं. लक्षात आलं ते एका दाईच्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मासळी विकायची ती." तुझ्याबद्दल मी पहिल्यांदा चारचौघांत बोलत होते. मग मागच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, त्या नर्सचं पुढं काय झालं?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिची बदली झाली." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन तुझी वाटी घासली.

हे पत्र तुला ऐकवायचं तर कुणीतरी मोठ्यानं वाचायला हवं. मी वाचलं तर मास्तरांसारखं अर्धं खाईन, हे कालच सिद्ध झालं. वाचणारा एकच उरतो, माझा पोरगा. आता पंधरा वर्षांचा आहे, होस्टेलवर असतो, ओठावर लव आली आहे. त्याला आजी धूसर आठवते. तिनं सांगितलेलं मात्र पक्कं आठवतं: तू निजला होतास, तुह्या मायनं तुले उठवलं. शाळेत 'माझी आई' निबंधात त्यानं हेच लिहिलं होतं. पहिला नंबर आला होता.

आज रविवार म्हणून तो घरी आलाय. हे पत्र त्याला द्यायचं म्हणून सकाळीच इथवर लिहून टेबलावर ठेवलं होतं. तो जेवला आणि सतरंजीवर आडवा झाला, पालथा, पाय बाहेर. मी पत्र हातात घेऊन त्याच्यापाशी गेले. मग खाली बसून त्याच्या तळव्याला टिचकी मारली.

त्यानं झटकन पाय ओढून घेतला. "काऊन वं आई?"

"काही नाही," म्हटलं आणि पत्र पदराखाली घेतलं. "निज तू."